अंबाडीच्या वाखाचा कागद: कुटण्यात कंजुषी नको

भाजी खाऊन झाली, बी काढलं, की धुऱ्यावरची अंबाडी जाळू नका. तिच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या तंतूंचा, कागद दणकट होतो. वाख अर्धा इंच कापून रात्रभर भिजवा. किलोभर कोरड्या वाखाला दीड-दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळा. उकळायला पातेलं स्टीलचं घ्या. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्याला सोडा खातो. चिमटीत ओढल्यावर तंतू सहज सुटले की शिजलं. मग पाणी नितळ येईस्तोवर धुवा.

खरं काम कुटण्याचं. मिक्सर तंतू नुसते तोडतो. उखळात मुसळाने कुटले की ते चेचून फुलतात आणि एकमेकांना धरतात. चिमूटभर लगदा पेलाभर पाण्यात हलवून बघा, गाठी दिसल्या तर अजून कुटा. सुती धोतराच्या चिंध्या बारीक कुटून मिसळल्या तर ताव मऊ होतो.

पातळ केलेल्या लगद्यातून चौकटीवर ताणलेली बारीक जाळी आडवी उचला, ताव कापडावर उलटा, दाबून पाणी काढा. पूर्वीचे कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, ओले ताव चुन्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवत. सारवलेली नको, डाग पडतात. शाई फुटू नये म्हणून वाळलेल्या तावाला तांदळाची पातळ खळ लावा, सुकल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटा.