मुक्काम उजेडात ठरवा: इंदूरहून एकटीने सायकल, रात्र तंबूत

सायकलवर सामान चढवताना आई दारात उभी राहते आणि दर वेळी तेच विचारते, "रात्री पडणार कुठे आहेस?" ब्रेक, ट्यूब, बिबट्या या कशाचीच तिला काळजी नसते. तिचाच प्रश्न बरोबर आहे हे मला कळलं, पण त्यासाठी एक तंबू भिजवावा लागला.

इंदूर ते नर्मदेकाठचं महेश्वर, महू आणि जाम घाटाच्या वाटेने, साधारण नव्वद किलोमीटर. एकट्याने पहिल्यांदा बाहेर झोपायचं असेल तर याच वाटेने जा. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे माळव्याच्या पठारावरून विंध्य उतरून निमाडात जायचं. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी. मार्चपासून निमाड भाजून काढतो.

दिवस उलटा मोजा. फेब्रुवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो. तंबू साडेपाचला उभा हवा, म्हणजे जागा साडेचारला नक्की हवी, म्हणजे महेश्वरच्या अलीकडचं मंडलेश्वर दोनच्या आत यायला हवं. सामान लादल्यावर माझा वेग ताशी तेरा-चौदा, चढावर सहासुद्धा होतो. हिशेब सुटतो तो असा: घरातून साडेपाचला, अंधारात, मागचा लाल दिवा लावून. रामबागेतून निघून एबी (आग्रा-मुंबई) रोडवर ट्रकांची गर्दी व्हायच्या आत राऊ मागे टाकायचं. पोहे महूला खा, इंदुरात नको. घरापासून पाच किलोमीटरवर नाश्त्याला थांबलेला माणूस गप्पा मारून परत जातो, मी पाहिलंय.

सामानाबद्दल थोडक्यात. मी क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते, तिथल्या गठ्ठ्यांच्या काट्यावर दोन्ही बॅगा तोलून घेते. सगळं मिळून अकरा किलो, त्यात तंबू दोन किलोचा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड वस्तू तळाशी. पाठीवर काहीही नाही. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, चेनची एक जादा कडी, ब्रेकचे दोन जोड. पंक्चर काढायला घरी शिका, पंख्याखाली बसून. (आम्ही इंदूरवाले त्याला 'पंचर' म्हणतो. काढायची रीत तीच.) खायला दशम्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की दोन दिवस मऊ राहतात, बरोबर लसणाची कोरडी चटणी. आजीच्या वेळी बैलगाडीच्या प्रवासात हेच असायचं आणि त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. छोटी गॅसची शेगडी नेते ती फक्त चहासाठी.

महूनंतर रस्ता हळूहळू चढतो. जाम गेटपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, मध्ये पाण्याचा भरवसा धरू नका. तीन लिटर महूलाच भरून घ्या आणि तहान लागायच्या आधी पीत राहा. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातलं, 1791 च्या सुमाराचं. त्याच्या कमानीतून खाली निमाड दिसतो. रविवारी मात्र मॅगी आणि सेल्फीवाल्यांची इतकी गर्दी असते की सायकल टेकवायला भिंत मिळत नाही. सोमवारी रजा काढा. इथूनच घरी लोकेशन पाठवा, घाटात रेंजची खात्री नाही.

उतार चढापेक्षा अवघड, हे कुणी सांगत नाही. अकरा किलो सामान मागून ढकलतं. ब्रेक सतत दाबून धरलात तर रिम तापते आणि पकड सुटायला लागते. वळणाच्या आधी जोरात दाबा, वेग मारा, सोडून द्या. दोन्ही ब्रेक वापरा, नुसता पुढचा नको. मध्ये दोनदा थांबून रिमजवळ बोट न्या. चटका जाणवला तर पाच मिनिटं दरी बघत बसा. घाटात आणि महूच्या जंगलात मुक्काम करू नका. राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय राहता येत नाही हे एक. बिबट्या इथला जुना रहिवासी, आणि 2023 मध्ये महूच्या आसपास वाघ फिरत होता, हे दुसरं.

आता त्या भिजलेल्या तंबूची गोष्ट. तेव्हा माझी समजूत अशी, की एकट्या बाईने लपून राहावं, कुणाला दिसू नये. मंडलेश्वरच्या अलीकडे अंधार पडताना गव्हाच्या शेताच्या कडेला बाभळीमागे तंबू लावला, दिवासुद्धा लावला नाही. रात्री दीडच्या सुमारास मोटर घुरघुरली आणि थोड्या वेळात पाठीखाली गार लागलं. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते, लोक रात्रीच पाणी देतात, आणि मी नेमकी त्यांच्या पाटात झोपले होते. मी ओरडले, पलीकडून शेतकरी माझ्याहून मोठ्याने ओरडला. त्याला वाटलं मोटरची केबल चोरायला कुणी आलंय. बॅटरी तोंडावर मारून, मग कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, बताके सोती तो इधर पानी नी छोड़ता." त्याच्या बायकोने मला पहाटेपर्यंत गोठ्याशेजारी खाट दिली.

तेव्हापासून मी लपत नाही. निमाडात रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, रात्री कुणीतरी तिथून जाणारच. त्याला तुम्ही कोण ते आधीच ठाऊक असलेलं बरं. साडेचारला गावाबाहेरच्या पहिल्या घरापाशी उतरायचं, हेल्मेट काढायचं आणि "नर्मदे हर" म्हणायचं. समोरूनही "नर्मदे हर" येतं. नर्मदेला प्रदक्षिणा घालणारे हजारो परिक्रमावासी या काठाने पायी जातात, झोळी आणि कमंडलू घेऊन रोज कुठेतरी पडतात, त्यामुळे अनोळखी माणसाने रात्रीपुरती जागा मागणं इथे विचित्र वाटत नाही. शक्यतो घरातल्या बाईला विचारा. "इथं तंबू लावला तर चालेल का?" असं नाही, "कुठं लावू?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही मिळतं. दुसऱ्याला पाणी कुठून येतं, कुत्रं कुणाचं आहे, रात्री मोटर कधी सुरू होते, हे सगळं मिळतं. चार माणसं जमून "अकेली हो?" विचारायला लागली तर मी म्हणते, भाऊ मागून येतोय, आणि पुढच्या गावी जाते. म्हणून तर साडेचार. सहा वाजता पुढच्या गावी जायची मुभा नसते. सगळंच फसलं तर देवळाची ओवरी किंवा आश्रम आहेच. पण तिथलं सदावर्त परिक्रमावासींचं आहे. मी सायकलवर मजेला निघालेली, त्यांच्या पंगतीत बसले तर पेटीत पैसे टाकते.

काठावर, वाळूत किंवा सहस्रधारेच्या खडकांवर झोपायचा मोह होईल. महेश्वरजवळ नदी काळ्या दगडांतून शेकडो धारांनी फुटते, चांदण्यात तर विचारू नका. बघा आणि वर या. वर ओंकारेश्वरला धरण आहे, पाणी रात्रीही वाढू शकतं. एप्रिल 2005 मध्ये धाराजीला जत्रेसाठी नदीत उतरलेले यात्रेकरू धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. जुन्या पुराने झाडांवर अडकवलेला काडीकचरा शोधा आणि त्याच्याही वर जागा घ्या. मगरीही आहेत, तेव्हा अंधारात भांडी घासायला घाटावर उतरू नका.

जागा मिळाली की आधी चप्पल काढून तिच्या तळाने जमीन पुसा. सराटे किती चिकटले ते बघा. तंबूचा तळ आणि दोन्ही टायर त्यानेच जातात. सायकल काट्यांच्या पट्ट्यात ढकलू नका, उचलून आणा. काळ्या मातीत भेगा असतील तर खुंटी तिरकी ठोका आणि वर दगड ठेवा. वरची एक झडप उघडी ठेवा, नाहीतर तुमच्याच श्वासाचं पाणी पहाटे अंगावर टपकतं. शेकोटी नको. फेब्रुवारीत पाचोळा वाळलेला असतो आणि पलीकडे कुणाचा तरी उभा गहू असतो. सायकलचं कुलूप चाकातून घालून त्याच्या दोरीचं टोक आत माझ्या पायाशी. शौचाला खुरपी घेऊन पाण्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती.

पहिल्या रात्री झोप लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साप आणि प्रत्येक कुत्रं म्हणजे लांडगा वाटतो. मी कानात बोळे घालत नाही. आवाज ओळखीचे होईपर्यंत ऐकत पडते. टिटवी रात्रभर ओरडते, तिला दचकू नका. ती माणूस आलेलं आपल्या आधी सांगते.

उठायचं उजाडायच्या आधी, चहा करायचा आणि ओला तंबू तसाच गुंडाळायचा. तो दुपारी जेवताना रस्त्याकडेला पसरून वाळतो. परत चढायचं नसेल तर सायकल बसच्या टपावर टाकून इंदूर गाठता येतं. भाडं आधी ठरवा, आणि पेडल काढून पिशवीत ठेवा. निघण्यापूर्वी त्या घरी जाऊन निघतेय म्हणून सांगा, पाण्याची कळशी परत करा. आणि खुंट्या मोजा. माझ्याकडे आठ होत्या, आता सात आहेत. आठवी त्या गव्हाच्या पाटात कुठेतरी आहे.