ओढ्याच्या कामाला अनुदान हवंय? मग जेसीबी आधी परत पाठवा

दरवर्षी तेच बघतोय म्हणून लिहितोय. काठ ढासळला की लोक आधी मशीन बोलावतात आणि फॉर्म नंतर शोधतात. बहुतेक अनुदानांत अनुदान देणाऱ्यांशी होणाऱ्या करारावर सही व्हायच्या आधी केलेला खर्च धरतच नाहीत, आणि मंजुरीचं पत्र आलं म्हणजे करार झाला असं नसतं, इथेच लोक फसतात.

ओळखीतल्या एका शेतकऱ्याचा अर्ज मी स्वतः भरून दिला होता. पत्र आलं, करार यायचा होता, पण मशीन आत्ता मोकळं आहे म्हणून पठ्ठ्याने दोन दिवसांत वळण कापून ओढा सरळ करून टाकला. तो खर्च तर बुडालाच, वर विनापरवानगी पात्रात काम केलं म्हणून नोटीस आली. आणि पुढच्याच पुरात तळ उखडला. कारण साधं आहे, ३०० मीटरच्या नागमोडी पात्रात ३ मीटर उतार म्हणजे १ टक्का, तेच पात्र सरळ करून २०० मीटरवर आणलं की दीड टक्का, मग पाणी जोर धरतं आणि तळ खरवडतं. तळात गुडघाभर उंचीची पायरी पडली, काठाची मुळं उघडी लोंबायला लागली, आणि ती पायरी प्रत्येक पुरात वर सरकत शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. फक्त सहा आठवडे थांबायचं होतं हो! आता अर्जाला हात लावायच्या आधी मी कबूल करून घेतो, सही होईपर्यंत फावडंसुद्धा लावायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे जिथे ढासळलं तिथेच दगडाचं पिचिंग, म्हणजे काठावर दगड रचून केलेलं अस्तर, मागायचं. ढासळण्याचं कारण बऱ्याचदा खालच्या अंगाला असतं. मी प्रवाहाच्या दिशेने चालत जातो, अशी पायरी दिसली की तिथे खुंटी ठोकतो आणि पूर ओसरला की ती किती सरकली ते टेपने मोजतो. अर्जात हा आकडा असला की तपासणाऱ्यालाही काम का हवंय ते पटतं.

बाकीचं थोडक्यात. अनुदान आणि परवानगी हे दोन वेगळे कागद, एक मिळालं म्हणून दुसरं मिळालं असं समजू नका. पैसे बहुतेक वेळा बिलं दिल्यावर मिळतात, तोवरची सोय आधीच बघा. स्वतःचे श्रम तुम्ही भरायच्या हिश्श्यात धरणार असतील तर तास त्याच दिवशी लिहा, सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं कोणी मानत नाही. मासे अंडी घालतात त्या काळात बऱ्याच ठिकाणी पात्रात काम करू देत नाहीत, वेळापत्रक त्याप्रमाणे लावा. फोटो एकाच जागेवरून काढा, कोरड्यातला आणि पुरातला.

आणि गुरांसाठी कुंपणाचा खर्च अंदाजपत्रकात हवाच, नाहीतर काठावर लावलेली रोपं पहिल्याच वर्षी तुडवली जातात.