ज्योतीचा फोटो काढण्याआधी

डिचोलीला आमच्या घरी तिन्हीसांजेला आई समई लावते. त्या ज्योतीच्या वर वीतभर हवा सतत थरथरत असते. मला ती पहिल्यांदा दिसली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, प्रोजेक्टच्या टेबलावर. सामान काय, तर दुर्बिणीत वापरतात तसा एक अंतर्गोल आरसा, बारीकसा एलईडी, दाढीचं ब्लेड आणि कॅमेरा. गरम हवा विरळ असते, तिच्यातून जाताना प्रकाश किंचित वाकतो. वाकलेले किरण ब्लेडच्या धारेवर अडतात किंवा निसटतात आणि हवेचे लोट चित्रात उमटतात. यालाच श्लीरेन म्हणतात. ऑगस्ट टोप्लर यांनी १८६० च्या दशकात ही पद्धत रुजवली. ज्वलनाच्या संशोधनात यायचं असेल तर सुरुवात इथूनच करा. एलईडी आणि ब्लेड आरशाच्या नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर शेजारीशेजारी ठेवा, ज्योत आरशासमोर अगदी जवळ. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही. ब्लेड केसभर सरकवत राहायचं.

मोठ्या प्रयोगशाळेत गेल्यावर हिरवा लेझर पाहून सगळे भारावतात, मीही भारावले होते. प्रत्यक्षात माझे पहिले तीन महिने गॅसच्या नळ्यांवर गेले. तिथले तंत्रज्ञ काका रोज सकाळी एकच वाक्य म्हणायचे, "बाय, आधी साबणाचं पाणी घे." प्रत्येक जोडावर फेस लावायचा, बुडबुडा येतो का ते बघायचं, मगच सिलिंडर उघडायचा. मिथेन आणि हवेची ज्योत सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. बर्नरमधला प्रवाह त्याहून मंद झाला की ज्योत मागे, नळीत शिरते. हायड्रोजनची ज्योत तर कितीतरी पट वेगवान, शिवाय उजेडात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे शिरणारी ज्योत नळीतच अडवणारा भाग, कुठे बसवलाय आणि का, हे नीट सांगता येईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू नका.

प्रवाहाचा वेग मोजायला पीआयव्ही (पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री) वापरतात. हवेत बारीक कण सोडायचे, लेझरचा पातळ पडदा पाडायचा आणि लागोपाठ दोन फोटो घ्यायचे. दोन फोटोंमध्ये किती वेळ ठेवायचा, हे नवख्याला कोणी बसवून शिकवत नाही, म्हणून हिशेबच देते. प्रवाह सेकंदाला १० मीटर, एक पिक्सेल म्हणजे ०.०३ मिलिमीटर, तपासणीची चौकट, म्हणजे फोटोच्या ज्या छोट्या चौकोनात कणांचं सरकणं मोजतात ती, ३२ पिक्सेलची. कण चौकटीच्या पाव भागापेक्षा, म्हणजे ८ पिक्सेलपेक्षा जास्त सरकू नये. ८ पिक्सेल म्हणजे ०.२४ मिलिमीटर; तेवढं अंतर २४ मायक्रोसेकंदात कापलं जातं. लेझरच्या दोन फ्लॅशमधला वेळ तेवढाच, किंवा थोडा कमी.

थंड हवेत तेलाचे थेंब चालतात. ज्योतीत ते उडून जातात, म्हणून तिथे टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ॲल्युमिनाची पूड लागते. आणि इथे गोव्याचा पावसाळा आडवा येतो. जुलैमध्ये आमच्या पुडीच्या गुठळ्या झाल्या, नळी तुंबली, दोन आठवडे एकही धड फोटो मिळाला नाही. तेव्हापासून पूड ओव्हनमध्ये सुकवून, गरम असतानाच भरायची सवय लागली. त्याच पावसात एका लेन्सवर बुरशीचं जाळं धरलं, ते मात्र गेलं नाही. कोटिंगच खाल्लं होतं. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की लगेच बदला. मुंबई-पुण्याच्या मुलांना हे अति वाटतं, आपल्याकडे ते रोजचं काम आहे.

ज्योतीतला ओएच (हायड्रॉक्सिल) रेणू पाहायचा तर २८३ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील लेझर लागतो आणि त्याने उजळलेल्या ओएचमधून येणारा प्रकाश ३०८ च्या आसपास टिपतात. साधी काच हा प्रकाश पुष्कळसा गिळते, म्हणून खिडक्या आणि लेन्स क्वार्ट्झच्या. हे महागडं काम आहे. पदवीच्या काळात बघायला मिळालं तरी नशीब समजा.

लेझर चालू असताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा. किरणाच्या उंचीवर डोळे नेऊ नका. काही खाली पडलं तर वाकून उचलू नका, आधी लेझरचं शटर बंद करा. चष्मा नुसता लेझरचा असून भागत नाही, त्यावर तुमच्या लेझरची तरंगलांबी लिहिलेली हवी. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या किरणाबरोबर तो ज्यापासून बनवतात तो मूळ १०६४ चा न दिसणारा किरणही उरलेला असू शकतो, मला जास्त भीती त्याची वाटते.

गोव्यात फर्मागुडीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स असे तीन दरवाजे आहेत. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर आयआयटी मद्रासमधलं राष्ट्रीय ज्वलन संशोधन केंद्र आणि बेंगळुरूची आयआयएससी. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं कुठे आहेत, ती बाहेरच्यांना वापरता येतात का, हे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. जागा बघायला जाल तेव्हा किंमती उपकरणांपुढे रेंगाळू नका. तिथल्या पीएचडीच्या मुलामुलींना बाजूला घेऊन विचारा: गेल्या महिन्यात लेझर प्रत्यक्ष किती दिवस चालला, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करतं? उन्हाळी इंटर्नशिपसाठी प्राध्यापकांना ईमेल डिसेंबर-जानेवारीतच करा, आणि त्यासोबत तुमच्या टेबलावरच्या श्लीरेनचा एक फोटो जोडा. समईचा असला तरी चालेल.