नव्या कॅम्पर व्हॅनच्या टपाला गंज? या चुका टाळा

राहण्या-झोपण्याची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेऊन दीड वर्षही झालेलं नाही आणि टपावर एअर व्हेंटच्या कडेला रंग फुगलाय. नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी भुकटी. पहिला संशय गाडीच्या कंपनीवर जातो: पत्राच हलका वापरला असणार! बहुतेक वेळा तसं नसतं. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटचा हात फिरतो. मग आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर चढवतात, आणि वर सरफेसर (रंगाआधीचा सपाटीचा थर), रंग, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर). सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. हे कवच शाबूत असेल तर दीड वर्षात टप सहसा गंजत नाही. कॅम्पर बनवताना मात्र याच कवचाला जागोजागी भोकं पडतात: व्हेंट, सोलर पॅनेल, केबल, ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छप्पर), कॅरियर, वरचा एसी. गंजाची सुरुवात शोधायची तर याच यादीतून शोधावी.

डाग दिसला की लगेच पॉलिश पेपर मारू नका

टपभर मोहरीएवढे पिवळट-तपकिरी ठिपके असतील, आणि ते काही छिद्रांच्या आसपास नसून सगळीकडे सारखेच पसरलेले असतील, तर पत्रा गंजलेला नसण्याचीच शक्यता जास्त. हवेतून आलेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात आणि तेच गंजतात. रेल्वे यार्डाच्या कडेला उभी राहिलेली गाडी, किंवा खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याशेजारी रोज लागणारी गाडी, यांच्या टपावर हे हमखास दिसतं.

ओळखायची युक्ती सोपी. टप धुऊन घ्या, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं हलकी फिरवा. वाळू पसरल्यासारखं खरखरीत लागलं तर कण वरच अडकलेत. डिटेलिंगच्या दुकानात मिळणारा आयर्न रिमूव्हर सावलीत, थंड पत्र्यावर फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येतात. तो सुकू न देता धुऊन टाका, उरलेलं क्ले बारने (रंगावरची घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीच्या वडीने) काढा, वर वॅक्स. एवढ्यावर काम भागतं. इथे वॉटर पेपर मारणारा माणूस जेमतेम ४० मायक्रॉनच्या क्लिअर कोटमधला अर्धा हकनाक उडवतो.

रंग फुगला असेल, भेगेतून तपकिरी ओघळ येत असेल किंवा डाग थेट स्क्रूच्या डोक्याखालून सुरू होत असेल, तर मात्र तो खरा गंज.

दाखवण्याआधी दुरुस्ती करू नका

व्हॅन वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा: एक लांबून, एक जवळून नाणं शेजारी ठेवून, तारखेसकट. मग लेखी तक्रार, ईमेलने. गंजाच्या वॉरंटीत सहसा आतून बाहेर आरपार आलेला गंज धरतात. गाडी विकल्यानंतर कोणी पाडलेल्या भोकाभोवतीचा धरत नाहीत. म्हणजे व्हेंटच्या कडेचा गंज असेल तर जबाबदारी कॅम्पर बांधून देणाऱ्याकडे जाते आणि तिथे बिल, करारपत्र लागतं. टचअप मारून झाल्यावर फोटो दाखवून काही उपयोग नाही. मूळ दोष कुठे होता हेच मग कोणी मान्य करत नाही.

भोक पाडतानाच्या चुका

या एका दिवसात जेवढं नुकसान होतं तेवढं पुढच्या पाच पावसाळ्यांत होत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अँगल ग्राइंडर. १४ इंची व्हेंटसाठी साधारण ३५५ ते ३६० मिलिमीटरचा चौकोन कापावा लागतो. ग्राइंडरने तो पाच मिनिटांत होतो, म्हणून सगळे तोच उचलतात. पण ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते चार-पाच फूट लांबपर्यंत उडून क्लिअर कोटमध्ये वितळून रुततात आणि पहिल्याच दवाला तांबूस होतात. शिवाय कापाच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि जस्ताचा थर उष्णतेने जळतो. त्याऐवजी चारही कोपऱ्यांवर १०-१२ मिलिमीटरची भोकं पाडून बारीक दात्यांच्या, धातूच्या ब्लेडने जिगसॉ चालवा. इंचाला २४ दाते असलेलं ब्लेड चांगलं. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच. जिगसॉचा तळ रंगावर घासतो, म्हणून कापायच्या रेषेभोवती हातभर रुंद मास्किंग टेप हवीच. आतून प्लॅस्टिकचा कागद झोळीसारखा बांधा, नाहीतर कीस छताच्या आडव्या पट्ट्यांत जाऊन बसतो आणि तिथून परत काढता येत नाही.

कापून झाल्यावर कीस फडक्याने पुसू नका. तो पॉलिश पेपरसारखा रंग ओरबाडतो. पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, मग व्हॅक्यूम, मग भरपूर पाणी. मागच्या पन्हळीत हमखास थोडा उरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पुन्हा बघा.

दुसरी चूक कडेची. पत्र्याची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर, पण कापलेली कड म्हणजे पूर्ण उघडं लोखंड. कानसीने बर (कापताना उरलेली खरखरीत धार) काढा, कड किंचित गोल करा, कारण धारदार कडेवर रंग टिकत नाही. तो सुकताना मागे सरकतो. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून ब्रशने इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर रंगाचा एक. रात्रभर सुकू द्या. सकाळी भोक, दुपारी व्हेंट बसवून संध्याकाळी गाडी ताब्यात, असं कोणी सांगत असेल तर कडेला प्रायमर लागलेला नाही किंवा लागलाय पण ओला आहे, एवढं समजून घ्या.

तिसरी, स्क्रू थेट पत्र्यात. सेल्फ टॅपिंग स्क्रूला पाऊण मिलिमीटरमध्ये पकडायला एकच आटा मिळतो. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सैल होतो आणि भोकाची कड घासत राहतो. व्हेंटसाठी आतून लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट द्या आणि स्क्रू तिच्यात जाऊ द्या. रेल आणि सोलरच्या पायांना एम-६ नट-बोल्ट, खाली रुंद पाटी. वरच्या एसीचं वजन ३०-४० किलो असतं. आधार नसेल तर टप खोलगट होतो आणि व्हेंटभोवती कायमचं डबकं साचतं. सीलंट कितीही चांगला असला तरी डबक्यापुढे तो फार काळ टिकत नाही.

सीलंटची ट्यूब

हार्डवेअरच्या दुकानात ‘सिलिकॉन द्या’ म्हटलं की बाथरूमची किंवा ॲल्युमिनियम खिडक्यांची ट्यूब हातात येते. तिला आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती टपावर लावू नका. ती सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते. उघडं लोखंड आणि जस्त दोन्ही ते खातं. म्हणजे गंज अडवायला लावलेल्या गोष्टीखालीच गंज सुरू होतो. वर आणखी एक त्रास: सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

व्हेंटच्या फ्लँजखाली (पत्र्यावर टेकणाऱ्या सपाट कडेखाली) ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, साधारण ३ मिलिमीटर जाड आणि २०-२५ मिलिमीटर रुंद. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. टेप चारही बाजूंनी थोडी बाहेर आली की थांबा. पूर्ण आवळून सगळी पिळून काढली तर आत सील करायला काही उरतच नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाव फेरा. स्क्रूच्या डोक्यांवर सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारा) सीलंट. रेल, केबलचा ग्लँड (केबल आत जाते तिथली बंद टोपी), सोलरचे पाय यांना एमएस पॉलिमर किंवा गाड्यांसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट, सिकाफ्लेक्सच्या जातीतला; दोन्ही सुकल्यावरही लवचिक राहतात. चिकटवण्याआधी त्या ट्यूबला लागणारा प्रायमर किंवा क्लीनर वापरा, हे टाळून चालत नाही.

एम-सीलसारखी कडक होणारी लांबी (पुट्टी) मात्र टपावर नकोच. कारण हिशेबात सापडतं. दोन मीटरची ॲल्युमिनियम रेल ४० अंश तापली की साधारण १.८ मिलिमीटर वाढते. तिच्याखालचा पोलादी टप १ मिलिमीटरही वाढत नाही. मे महिन्यातली दुपार आणि पहाट यांत एवढा फरक रोज पडतो. कडक लांबी तडकते, केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं आणि वर आच्छादन असल्यामुळे सुकत नाही. डांबराच्या चंदेरी पट्टीचंही तेच: गळती थांबल्यासारखी वाटते, खाली गंज निवांत पसरतो.

आता गंज आलाच आहे तर

पहिल्यांदा सुटं होईल ते सगळं सुटं करा. व्हेंट जागेवर ठेवून भोवतालचा रंग नीट केला तर सहा महिन्यांत फोड परत येतो, कारण गंज फ्लँजखाली अर्धा इंच गेलेला असतो.

फुगलेल्या भागाच्या बाहेर इंचभर चांगला रंग दिसेपर्यंत खरवडा. इथे ग्राइंडरला वायर ब्रश लावायचा मोह होतो. तो गंज काढत नाही. त्याला घासून चकचकीत करतो आणि खड्ड्यांत दाबतो. बॅटरीचा उजेड तिरका मारून बघा, चकाकणाऱ्या पत्र्यात काळे टिपके दिसतील. ते टिपके म्हणजे उरलेला गंज. फ्लॅप डिस्कही नको, पातळ पत्रा ती पाहता पाहता खाते. नायलॉनची स्ट्रिप डिस्क, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १८०, कडांना ३२०, सगळं कोरडं. वॉटर पेपर पाण्याने मारायची सवय बऱ्याच पेंटरना असते. उघड्या पत्र्यावर ती थेट नवा गंज देते.

खड्ड्यांतल्या टिपक्यांसाठी रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन. बाटलीवरचं आधी वाचा, कारण दोन जाती आहेत. फॉस्फोरिक ॲसिडवाला काम झाल्यावर धुऊन, पत्रा हीट गनने कोरडा करावा लागतो. त्याचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही. टॅनिनवाला काळा थर बनवतो आणि तो तसाच ठेवायचा असतो. सुट्या पापुद्र्यांवर यातलं काहीही फासून उपयोग नाही.

टोच्याने दाबून पत्रा आरपार गेला तर पुट्टीने बुजवू नका, तुकडा कापून नवा पत्रा बसवावा लागेल.

मग दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, प्रमाण डब्यावर असेल तेच. खोलगट भागाला पुट्टी लागलीच तर ती इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही. पॉलिस्टर पुट्टी स्पंजासारखी ओल पिते. ‘आज पुट्टी मारून ठेवतो, रंग उद्या’ या एका वाक्यात पुढच्या वर्षीचा फोड ठरतो. पुढे सरफेसर, रंगाचे तीन पातळ हात, क्लिअरचे दोन. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जाणं घातक. फडकं बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क हवा.

आणि हंगाम. रंगकामासाठी आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमते त्यापेक्षा) किमान ३ अंश वर हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुलैमध्ये हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा दवबिंदू साधारण २५ अंश. शेडखाली काम केलं तरी पत्र्यावर न दिसणारी ओल असते. तेव्हा पावसाळ्यात गंज दिसला तर जागा स्वच्छ करा, हीट गनने कोरडी करा, वर कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं गंजरोधक मेण) किंवा साधं ग्रीस फासा आणि खरं काम दसऱ्यानंतर काढा. तेव्हा ग्रीसचा कण न कण काढावा लागेल, पण ओलीवर मारलेला रंग काढण्यापेक्षा ते सोपं आहे.

कॅरियर, पॅनेल, कव्हर

किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत एक गोष्ट उलटी वाटते: टपाचा उघडा भाग कमी गंजतो. त्याला पाऊस धुतो. मीठ साचतं ते कॅरियरच्या रबराखाली आणि सोलर पॅनेलच्या पोटाखाली. तारकर्ली-गुहागरहून परतल्यावर पाइपचा फवारा आडवा धरून तिथे मारा. पॅनेल आणि टप यांत २०-२५ मिलिमीटर फट ठेवा, हवा खेळते आणि पॅनेलही कमी तापतं. पायांखाली स्पंजाचं रबर नको, भरीव ईपीडीएम रबर घ्या. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालूच नका.

आतून येणारं पाणी

टपावरचा सीलंट तीनदा बदलला तरी छतातून थेंब येतायत, अशा तक्रारीत गळती बऱ्याचदा नसतेच. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि घामातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत सोडतात. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोवर पाण्याची वाफ होते. डिसेंबरात महाबळेश्वरला खिडक्या लावून चहा-पोहे केले की ही सगळी वाफ छताच्या थंड पत्र्यावर जमते. पत्र्याला काचलोकर लावली असेल तर ती पाणी धरून बसते. बंद पेशींचा नायट्राइल रबराचा फोम पत्र्याला पूर्ण चिकटवा, पोकळी न सोडता. आडव्या पट्ट्यांत कॅव्हिटी वॅक्स मारा. आणि झोपताना व्हेंट बोटभर उघडा ठेवा.

शंका असेल तर पाऊस नसलेल्या थंड सकाळी व्हेंटची आतली झालर उघडून टिश्यू पेपर लावून बघा. तो तेव्हाही ओला झाला तर पाणी आतलंच. कोरडा राहिला तर बाहेरून पाइप लावा: आधी खालच्या कडेला दहा मिनिटं, मग हळूहळू वर. एकदम सगळीकडे पाणी ओतलं तर नेमकी फट कुठली ते कळत नाही. आणि झालर उघडलेलीच आहे तर कापलेल्या कडेवरून बोट फिरवा. तपकिरी भुकटी बोटाला लागली, तर कडेला प्रायमर लागलाच नव्हता.