व्हायकिंग पिळाची अंगठी: कांडी जंतरातून ओढू नका

ठाण्यात चरईतल्या आमच्या कारखान्यात पिळाच्या अंगठ्या मी तीस वर्षं केल्या. तरी भाचीने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या, अंगठ्यांचे फोटो पाठवले, तेव्हा माझं बोट एकाच जागी अडलं. पीळ मधे जाड आणि मागे जाताना निमुळता होता. जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढलेली तार सगळीकडे सारखीच निघते, तिला हे पोट येत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने कांडी हातोडीनेच घडवली होती.

पहिली अंगठी चांदीत करा. अडीच मिलिमीटर जाडीच्या, 5 सेंटीमीटर लांबीच्या दोन कांड्या घ्या. मिळून साधारण 5 ग्रॅम. मध्यावर खूण करा. तिथून टोकाकडे ठोकत जा, आधी चौकोनी, मग कोपरे मारून अठकोनी, शेवटी गोल. सुरुवातीपासून गोल ठोकलीत तर कांडी आतून फाटते. टोक एक मिलिमीटरवर आलं की कांडी साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास भरते. हातोडी टणटण वाजू लागली की थांबा, तापवा. तापवताना ट्यूबलाइट बंद करा, कारण चांदीची मंद लाली अंधारातच दिसते. उजेडात अंदाज चुकतो आणि चांदी वितळते. माझ्या दोन कांड्या अशाच गेल्या.

आता पीळ. दोन्ही कांड्या जोडून मध्यभाग शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरा. बारीक टोक आधी पिळलं जातं आणि जाड पोट तसंच राहतं, म्हणून पक्कड पोटाजवळ लावून सुरुवात करा, मग हळूहळू बाहेर सरका. एक बाजू झाली की उलटून दुसरी. प्रत्येक टोकाकडून पाहताना हात त्याच दिशेला फिरला पाहिजे, नाहीतर मध्यावर वेढे उलटे पडतात. इथे घाई करू नका, मधे एकदा पुन्हा तापवा.

पिळलेल्या कांड्यांमधल्या खाचेत दोन केसासारख्या तारांचा बारीक पीळ बसवतात. ही तार मात्र जंतरातून ओढलेली चालेल. मग पीळ त्रिबुळ्यावर (अंगठीच्या निमुळत्या पोलादी दांड्यावर) वळवा, टोकं एकावर एक आणा, टाकणखार (बोरॅक्स) लावून झाळून जोडा आणि तो सांधा ठोकून चपटा करा.

इंग्लंडातल्या जुन्या सॅक्सन लोकांचं काम याहून निराळं. तिथे सटन हू या ठिकाणी 1939 साली सापडलेल्या दागिन्यांत सोन्याच्या घरांत तामडे (लाल खडे) बसवलेत आणि खाली नक्षी उठवलेला सोन्याचा पत्रा आहे, उजेड परत फेकायला. आपण नगाखाली डांक घालतो तेच. त्यावर सवडीने लिहीन.

आता आपल्या पिळाच्या अंगठीकडे परत: ती चिंचेच्या पाण्यात उकळा, रिठ्याच्या फेसात पितळी ब्रशने घासा. बफ (चकाकी आणणारं फिरतं चाक) लावू नका. खाचेतली तार झिजून जाते.