दूध पाजल्यावर बाळ गुळणी टाकतं: आमच्याकडे काय लागू पडलं

आम्ही सांगलीचे, बाळ दोन महिन्यांचं. पाजून खाली ठेवलं की दूध बाहेर. कधी लगेच, कधी अर्ध्या तासाने, फाटलेलं. वजन मात्र वाढत होतं. बाळगुटी, ग्राइप वॉटर, कशाचाच गुण नाही. दुपटी धुऊन जीव मेटाकुटीला आला.

फरक पडला तो असा: भुकेने रडण्याआधीच घ्यायचं, डोकं पोटापेक्षा वर ठेवून पाजायचं. एक बाजू झाली की थांबून खांद्यावर ढेकर, मग दुसरी. शेवटी पुन्हा ढेकर आणि 20 ते 30 मिनिटं उभं धरायचं. मांडीवर दुमडून बसवलं तर पोट दाबतं. लंगोट सैल. तेवढा वेळ पाळण्याचे झोकेही बंद (आजेसासूबाईंना हे पटवणं सगळ्यांत अवघड). मग सपाट अंथरुणावर उताणं, उशीशिवाय.

गुळणी हिरवी किंवा रक्ताची असेल, जोरात लांब उडत असेल, वजन वाढत नसेल, तर थेट बालरोगतज्ज्ञ.