पॅरिस ते फ्लॉरेन्स: ट्रेन कुठे, गाडी कुठे

पॅरिसला भाड्याने गाडी घेऊन फ्लॉरेन्सला सोडायची म्हटलं, तर नुसता दुसऱ्या देशात गाडी सोडण्याचा आकारच डोळे पांढरे करणारा निघाला. मग बेतच उलटा केला: सीमा ओलांडायची ती ट्रेनने, आणि गाडी ज्या देशात घेतली तिथेच परत.

पॅरिस ते स्ट्रासबुर्ग टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान ट्रेनने, जेमतेम पावणेदोन तास. तिथून गाडी घेऊन कोलमारच्या बाजूची द्राक्षमळ्यांची गावं पाहिली, गाडी परत स्ट्रासबुर्गलाच दिली आणि ट्रेनने बासेल गाठलं. स्वित्झर्लंडमध्ये गाडी घेतलीच नाही. बायकोने ट्रेनच्या खिडकीतून मनसोक्त डोंगर पाहिले. पुढे ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून मिलान आणि तिथून फ्लॉरेन्स.

फ्लॉरेन्सच्या आसपासच्या टस्कनी प्रांतासाठी मात्र गाडी हवीच. ती विमानतळावरून घ्या, ट्रामने जाता येतं. जुन्या शहरात 'झेडटीएल'ची, म्हणजे परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाची पाटी दिसली की आत शिरायचं नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड पुण्यापर्यंत पाठलाग करतो.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधीच आरटीओतून काढा. आणि ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंग लवकर करा, तिकडे गिअरवाल्याच जास्त.